स्वल्पविरामापाशी फाटलेली कादंबरी

मित्रांनो, त्या रविवारी दुपारी चार वाजता मी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका घरात जेवणाच्या टेबलावर उघडी पडले होते. एका बाजूला कॉफीचे पेले, दुसऱ्या बाजूला मुरुक्कूची, म्हणजे तमिळ चकल्यांची, ताटली. पंख्याने माझी पानं उडू नयेत म्हणून माझ्यावर वीस तोंडांचा एक निळा फासा ठेवला होता. टेबलाभोवती चार माणसं बसली होती आणि टेबलावर एक मेलेला घोडेस्वार उभा होता. तो दिसत नव्हता, पण तो नेमका कुठे उभा आहे हे चौघांनाही ठाऊक होतं. साखरेच्या डब्याच्या डावीकडे.

तो शेवटचा साधा दिवस होता. हे कोणालाच माहीत नव्हतं. मी तर कादंबरी, पण मलाही नाही.

कारण मी एक जुनी, स्वस्त कागदाची आणि शेवट नसलेली कादंबरी आहे. माझ्या मुखपृष्ठावर लाल आकाश आहे, काटेरी निवडुंग आहे आणि चेहरा नसलेला एक स्वार आहे. आकाशात एक तपकिरी गोल आहे. तो चित्रकाराने काढलेला नाही. तो बालाजीरावांच्या पेल्याचा डाग आहे. पण सगळे त्याला चंद्रच म्हणतात.

"मज शेवट सापडला," राघोत्तमराव म्हणाले. हे घर त्यांचं. खेळात ते सूत्रधार.

त्यांचे जुने मित्र बालाजीराव यांनी मुरुक्कू दातांत धरूनच मान वर केली. "कुणाचा शेवट?"

"हिचा." त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं.

"पंचेचाळीस वर्षांनी? मग सांग की."

"आज नव्हे. येत्या रविवारी. आधी हिची शिवण करून घेतों. सुट्ट्या पानांनी शेवट करूं नये."

"अंकल, एक हिंट तरी," रम्या म्हणाली. ती त्यांच्या मुलीची, वाणीची, ऑफिसातली मैत्रीण.

"हिंट ही, की तू एकदा चेष्टेत बरोबर बोललीस."

"मी नेहमी चेष्टेतच बोलते, अंकल. त्यातली कुठली?"

"तेंच शोध."

वाणी हसत होती. "अप्पा, खरंच सापडलाय, की आपलं उगीच?"

"सगळ्यांत आधी तुजच सांगणार, कण्णा. तुझ्याशिवाय तो होतच नाही."

स्वयंपाकघरातून वाणीच्या आईचा, जयंतीबाईंचा, आवाज आला. "भुताचा शेवट झाला असेल तर पेले आणून ठेवा. त्यांचाही शेवट करायचा आहे."

आता माझ्या जन्माकडे वळते. माझा जन्म समुद्रापलीकडे झाला. लाकडाच्या लगद्याचा खरखरीत कागद, जाड शाई आणि घाईघाईने केलेली बांधणी. माझ्यासारख्या कादंबऱ्या प्रवासात वाचायच्या आणि उतरताना बाकावर सोडून द्यायच्या असत. घोडे, बंदुका, चांदीच्या खाणी, आणि त्यांत एखादं भूत, असा आमचा संसार. आम्हाला कोणी कपाटात ठेवत नसे. मला एका खलाशाने वाचलं, गादीखाली दाबलं आणि चेन्नई बंदरात उतरताना तो मला एका चहावाल्याच्या फळीवर विसरला. तिथून मी रद्दीत गेले आणि रद्दीतून जॉर्ज टाउनच्या एका फुटपाथवर आले.

माझ्यात एक वाळवंट आहे. त्यात एक गाव, गावात एक खाणावळ. एका सकाळी एक स्वार तिथून निघतो, डोंगरापलीकडे मारला जातो आणि वर्षभराने परत येतो. मेलेला. तो कोणाला काही करत नाही. नुसता वेशीपाशी उभा राहतो. तो उभा असेतोवर विहिरींचं पाणी खारट होतं, घोडे जागचे हलत नाहीत, लोकांच्या हातून भाकरी करपते. गोळ्या त्याच्या आरपार जातात. शेवटी, पान एकशे अठ्ठावन्नवर, तो चालत खाणावळीच्या पायरीपाशी येतो. मालकीण दार उघडते. तिने तोंड उघडलं आणि ती म्हणाली,

इथे स्वल्पविराम आहे आणि इथेच मी संपते. पुढची पानं फुटपाथशेजारच्या सुंडलवाल्याने पुड्या बांधायला फाडून नेली. माझा शेवट वाफवलेल्या हरभऱ्यांबरोबर कोणाच्या तरी हातात गेला. तो काय होता हे मला माहीत नाही. आपलंच पोट आपल्याला दिसू नये, तशी माझी गत आहे.

राघोत्तमराव तेव्हा नुसते राघोत्तम होते. वय बावीस, बंदराजवळ जहाजांच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत कारकून. मला घेतलं त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी मला संपवलं आणि स्वल्पविरामाशी येऊन थबकले. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते त्या सुंडलवाल्याकडे उभे राहत. रोज एक पुडी घेत आणि खायच्या आधी कागद उलगडून वाचत. त्यांना भूमितीचं एक प्रमेय मिळालं आणि साबणाची अर्धी जाहिरात मिळाली. माझं पान मिळालं नाही. पोट मात्र बिघडलं.

कचेरीत शेजारच्या टेबलावर बालाजीराव बसत. दोघांचीही घरं मूळ तंजावूरची. मित्रांनो, तिथे शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी कुटुंबांची मराठी वेगळी आहे. तिच्यात जुने शब्द टिकले आहेत आणि तमिळ येऊन बसली आहे. जेवणाच्या सुट्टीत राघोत्तम मला डब्याला टेकवून उभी करायचे आणि इंग्रजी वाचत वाचत त्या मराठीत बोलायचे. शेरीफचा कोतवाल झाला. दारूच्या गुत्त्याचं कापी हॉटेल झालं, कारण बालाजीरावांनी हरकत घेतली होती. "एकादशीच्या दिवशी ह्या लोकांना काय पाजूं लागलास?" ते म्हणाले होते. मला गंमत वाटत होती. माझ्या पोटात मराठी आहे हे मला त्या सुट्ट्यांमध्ये कळलं.

आणि तिथेच ती चूक झाली.

माझ्या नवव्या पानावर, निघण्याआधी, स्वार खाणावळीच्या दारात दोनच शब्द बोलतो. त्यांचा अर्थ 'मी चाललो' एवढाच होतो. राघोत्तमांनी ते वाचलं, डोळ्यांनी पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "जाऊन येतों."

मी मनात म्हटलं, चुकलात. पण पुस्तकाला मनातच बोलता येतं.

पुढे मी त्यांच्या घरी राहायला आले तेव्हा मला कळलं की ती चूक त्यांच्या हातून होणारच होती. त्या घरात कोणी दाराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही. दूध आणायला जायचं असलं तरी 'जाऊन येतों'. आणि जो घरात असेल त्याने हातातलं काम थांबवून 'या' म्हणायचं, लहानाला 'ये'. त्यानंतर पाऊल बाहेर. एकदा बालाजीराव घाईत 'चला, जातों मी' म्हणाले, तर जयंतीबाईंनी त्यांना परत आत बोलावलं, पाणी प्यायला लावलं आणि पुन्हा नीट निरोप घ्यायला लावला. त्यांची गाडी चुकली.

वाणी लहान असताना मी तिला झोपण्याच्या गोष्टींमध्ये मिळाले. तिने मला ऐकलं, वाचलं मात्र कधीच नाही. वाचायचे अप्पा. स्वाराचा आवाजही तेच काढायचे. दर वेळी गोष्ट स्वल्पविरामापाशी यायची आणि ती विचारायची, "मग?" अप्पा म्हणायचे, "मजही तेंच हवं आहे." मग ती मोठी झाली आणि मी कपाटात वरच्या फळीवर, विम्याच्या कागदांमागे गेले. तिथे मी बरीच वर्षं होते. एका कसरीने माझी प्रस्तावना खाल्ली. ती फारशी चांगली नव्हती.

मला खाली काढलं ते एका खेळाने.

वाणी अंबत्तूरच्याच एका ऑफिसात नोकरीला लागली होती. तिथले सहकारी सुट्टीच्या दिवशी एक खेळ खेळत. त्याला पट नाही. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. एकाने पुढे काय दिसतं ते सांगायचं, बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. त्यांच्या खेळात किल्ले असत, राक्षस असत. वाणीने घरी येऊन ते फासे टेबलावर ओतले तेव्हा राघोत्तमरावांनी वीस तोंडांचा एक उचलून उजेडात धरला.

"ह्यात गोष्ट कोण लिहितं?"

"कोणी नाही, अप्पा. सगळे मिळून."

"आणि शेवट?"

"तो कोणालाच माहीत नसतो. खेळून कळतो."

ते लगेच उठले. स्टूल घेतलं, वर चढले, विम्याचे कागद बाजूला केले आणि मला खाली काढलं. झटकलं. कसरीसकट.

त्यानंतर तेरा वर्षं मी दर रविवारी टेबलावर होते. गोष्ट सांगणाऱ्याला काय म्हणायचं यावर एक दुपार गेली आणि मग राघोत्तमरावांनी ठरवून टाकलं. "सूत्रधार. आमच्या तंजावूरच्या नाटकांत तोच असे." बालाजीराव कोतवाल झाले. रम्या झाली पत्त्यांच्या डावात फसवणारी बाई. रम्याचंही घर तंजावूरचंच, पण ती मराठीत ऐकते आणि अर्धं तमिळमध्ये उत्तर देते. वाणी कधी खाणीतली इंजिनियर, कधी टपाल नेणारी. सगळ्यांना एकच काम होतं. वेशीवरच्या त्या स्वाराला मोकळं करायचं, म्हणजे माझा शेवट सापडेल.

काय काय झालं नाही? बालाजीरावांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

"आरपार," सूत्रधार म्हणाले.

"मी चांदीची गोळी घातली होती."

"चांदीही आरपार."

रम्याने त्याला पत्त्यांत हरवायचा प्रयत्न केला आणि फाशावर वीस पडले. "अंकल, वीस. भूत असो की मॅनेजर, वीस म्हणजे वीस."

"तू जिंकलीस. त्याने टोपी काढली. पण तो उभाच आहे."

वाणीने तीन रविवार खपून डोंगरापलीकडून त्याची हाडं आणली आणि पुरली. विहिरीचं पाणी दोन दिवस गोड झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खारट.

एकदा ते सगळे मला घेऊन बसने चेन्नईजवळच्या कोवलमच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. वाळवंट कोणीच पाहिलेलं नव्हतं, पण वाळू होती. रिकाम्या वाळूवर माणूस दिसल्यापासून जवळ पोचायला किती वेळ लागतो हे राघोत्तमरावांना बघायचं होतं. ते होड्यांच्याही पलीकडे गेले, ठिपक्याएवढे झाले आणि धोतर सावरत परत चालू लागले. मासे निवडणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या. वाणीने घड्याळ लावलं होतं.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली.

"भुताला घाई नसते," ते घाम पुसत म्हणाले. "आजपासून स्वार दिसला की अकरा फासे पडेपर्यंत तो दारात पोचणार नाही."

तो नियम झाला. या अकरा फाशांचा आकडा मोजत नसत. नुसते टाकायचे, आणि मध्ये कोणी बोलायचं नाही.

रम्याची ती चेष्टा त्याच वर्षातली. वाणीची पुरलेली हाडं वाया गेली तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "अप्पा, त्याला हवंय तरी काय?"

"त्याने निघतांना 'येतों' म्हटलं होतं," राघोत्तमराव म्हणाले. "शब्द दिला आहे. तो पुरा झाल्याशिवाय सुटणार कसा?"

"मग कोणीतरी त्याला सरळ 'जा' म्हणा ना," रम्या म्हणाली. "प्रॉब्लेम ओव्हर."

बालाजीराव दचकले. "शिव शिव. दारांतल्या माणसाला 'जा' म्हणतं का कोणी?"

सगळे हसले आणि खेळ पुढे गेला. मी मात्र अस्वस्थ होते. माझ्या नवव्या पानावर 'येतों' कुठेच नाही हे फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

आता सोमवार.

जयंतीबाई सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या. वाणी त्या दिवशी घरून काम करत होती. कानाला हेडफोन, समोर पाच चौकटींत पाच माणसं. राघोत्तमरावांनी मला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं आणि चपला चढवल्या.

"वाणी, जाऊन येतों."

वाणीने हात वर केला. "हं," ती म्हणाली. ते त्यांना होतं की चौकटीतल्या कोणाला, ते मला कळलं नाही.

ते दारात थांबले. मी पिशवीत होते म्हणून मला कळलं, पिशवी हलत नव्हती. नेहमीचं उत्तर यायची ते वाट बघत असावेत. मग ते हलकेच म्हणाले, "दार ओढून घेतों." आणि निघाले.

जॉर्ज टाउनमध्ये, एका अरुंद जिन्याखाली, कृष्णाजी बाइंडरचं दुकान आहे. खळीचा वास, टांगलेले दोरे आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. कृष्णाजींनी मला हातात घेऊन माझा कणा चाचपला.

"ही रद्दी आहे, राघोत्तमराव."

"रद्दीतूनच आणली होती. शिवून द्या. आणि शेवटीं आठ कोरी पानं घाला."

"कोरी? त्यांवर कोण लिहिणार?"

"माझी मुलगी."

"तुम्ही का नाही?"

"शेवटचं वाक्य खाणावळीच्या मालकिणीचं आहे," राघोत्तमराव म्हणाले. "ते मी कसं बोलूं? मी घोडेस्वार."

कृष्णाजींना यातलं काही कळलं नसावं. त्यांनी पावतीवर तारीख घातली. गुरुवार.

"जाऊन येतों," राघोत्तमराव म्हणाले.

"या," कृष्णाजी म्हणाले. सुईत दोरा ओवत, मान वर न करता. पण म्हणाले.

मला शिवलं. माझ्या कण्याला नवं कापड लावलं. मग शिकंज्यात घालून वरून चाक आवळलं. गुरुवार आला. मी वाट पाहिली. शुक्रवार, शनिवार. रविवारी चार वाजता मी मनातल्या मनात टेबलावर होते. मला कुतूहल होतं, शेवट काय असेल? आणि हळूहळू दुसरंच कुतूहल वाढत गेलं, ते का येत नाहीत? माझ्यातला माणूस येतो आणि कोणाला नको असतो. इथे मला हवा असलेला माणूस येत नव्हता.

विसाव्या दिवशी जिन्यापाशी वाणीचा आवाज आला. तिच्या हातात ती पावती होती.

"अप्पांच्या शर्टाच्या खिशात होती," ती म्हणाली. "त्या सोमवारी, इथून निघाल्यावर, बस थांब्यावर. बसल्या जागीच गेले."

कृष्णाजींनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"इथून निघताना काय म्हणाले ते?"

"नेहमीचंच. जाऊन येतों."

"आणि तुम्ही?"

"मी? 'या' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

मग ती बसली.

कृष्णाजींनी चाक सैल केलं, मला बाहेर काढून फडक्याने पुसलं आणि कोऱ्या पानांचा निरोप तिला शब्दन्‌शब्द सांगितला. मालकिणीचं वाक्य, घोडेस्वार, सगळं. त्यांना अर्थ कळला नव्हता म्हणूनच त्यांनी काही गाळलं नाही.

परतीच्या गाडीत वाणीने मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचलं. नवव्या पानावर ती थांबली. पुन्हा वाचलं. पुढची दोन स्टेशनं गेली तरी पान उलटलं नाही. घरी पोचल्यावर तिने बालाजीरावांना फोन लावला.

"मामा, घोडेस्वार 'येतो' असं म्हणतच नाही. तो नुसता 'चाललो' म्हणतो. अप्पांनी चुकीचं वाचलं."

"माहीत आहे मज."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्याच्या खांद्यावरून पान दिसत होतं की. मी त्याला म्हटलंही, राघोत्तमा, इथें 'येतों' कुठें लिहिलं आहे? तर म्हणाला, माणूस घरातून निघतांना दुसरं काय म्हणेल?"

वाणी हसली. त्या घरातलं ते वीस दिवसांतलं पहिलं हसू असावं, कारण जयंतीबाई दारात येऊन बघून गेल्या.

त्या दिवसांत त्या घरात एक गोष्ट रोज घडत होती. संध्याकाळी जयंतीबाई दाराला कडी लावायच्या. थोड्या वेळाने वाणी उठून ती काढायची. दोघी याबद्दल बोलत नसत.

"रविवारी या, मामा," ती फोनवर म्हणाली. "चार वाजता. रम्यालाही सांगते. अप्पांनी तारीख दिली होती. ती पुरी करायची राहिली आहे."

रविवारी बालाजीराव सूत्रधार झाले. चष्मा दोनदा पुसला. राघोत्तमरावांच्या खुर्चीत कोणी बसेना. शेवटी जयंतीबाई पेले घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. तेरा वर्षांत त्या कधी टेबलाशी बसल्या नव्हत्या.

"अम्मा, तुम्ही?" रम्या म्हणाली.

"उभ्याने भूत बघवत नाही मज. चालूं द्या."

बालाजीरावांनी सुरुवात केली. वाळू. रिकामं आकाश. लांब एक ठिपका. रम्याने पहिला फासा टाकला. बालाजीरावांनी दुसरा. टेबलावर फासा घरंगळण्याचा आवाज आणि वर पंख्याचा. रम्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला आपली जुनी चेष्टा आठवली आहे. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सात. आठ. साखरेच्या डब्यापाशी कोणी नव्हतं, तरी सगळे तिकडेच बघत होते. दहावा वाणीने टाकला. अकरावा तिने आईपुढे सरकवला.

जयंतीबाईंनी तो दोन्ही हातांत हलवून सोडला. "बारा पडले. चांगलं की वाईट?"

"याला आकडा नसतो, अम्मा. नुसता टाकायचा."

बालाजीरावांनी पान एकशे अठ्ठावन्न उघडलं. स्वार पायरीपाशी आला होता. मालकिणीने दार उघडलं होतं.

मित्रांनो, इथे मी क्षणभर थांबते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला मिटून ठेवाल आणि माझं एक मागणं राहून जाईल. घरात एखादं जुनं, फाटकं, बिनमुखपृष्ठाचं पुस्तक असेल तर त्याची पुडी करू नका. त्याला शिवून घ्या. त्याचा शेवट हरवला असेल तर चार जणांना बोलावून तो शोधा, तेरा वर्षं लागली तरी चालेल. त्यातलं एखादं वाक्य कोणी चुकीचं वाचलं तर लगेच सुधारू नका, ते तसं का वाचलं ते आधी विचारा. आणि घरातून कोणी निघालं, तर हातातलं काम क्षणभर ठेवा आणि उत्तर द्या. तो एकच शब्द आहे. त्याला वेळ लागत नाही.

माझ्या शेवटी आता आठ कोरी पानं आहेत. त्यांतल्या पहिल्यावर वाणीने नंतर पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या. त्या मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही, कारण त्या आधी बोलल्या गेल्या होत्या आणि मी त्या ऐकल्या आहेत.

"तिने तोंड उघडलं," बालाजीरावांनी वाचलं, "आणि ती म्हणाली,"

ते स्वल्पविरामापाशी थांबले. मी पंचेचाळीस वर्षं थांबले होते तिथेच.

वाणी उठली. दारापाशी गेली, कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं. बाहेर चार वाजताचं ऊन होतं आणि शेजाऱ्यांची स्कूटर.

"अप्पा, या," ती म्हणाली.

तिने वाट पाहिली. माझी पानं हलली नाहीत, कारण अकराव्या फाशानंतर रम्याने पंखा बंद केला होता. मग वाणीने तो शब्द उच्चारला, जो त्या दारात आजवर कोणी कोणाला म्हटला नव्हता.

"आता जा."